आधी बटण, मग स्टूल

आधीच सांगून टाकतो, त्या शनिवारी मी जे केलं त्याचा मला पश्चात्ताप झालेला नाही. (झाला होता, पण तो साधारण पंधरा मिनिटं टिकला. त्याबद्दल पुढे येईलच.) बायको म्हणते, हे चारचौघांत सांगत जाऊ नका. चारचौघांत सांगत नाही, म्हणून तर लिहून काढतोय.

प्रकरण सुरू झालं ते एका बल्बवरून. आमच्या मागच्या खोलीतला बल्ब गेला. बल्ब जातातच, त्यात विशेष काही नाही. इतर घरांत बल्ब गेला की घरातला पुरुष स्टुलावर चढतो, जुना काढतो, नवा लावतो आणि खाली उतरून उगीचच हात झटकतो. आमच्या घरात बल्ब गेला की बायको कॅलेंडरवर नोंद करते आणि तिच्या वडिलांना फोन करते.

माझे सासरे निवृत्त वायरमन आहेत. चाळीस वर्षं खांबांवर चढण्यात गेली, आता वय अठ्ठ्याहत्तर, पण शर्टाच्या खिशात अजूनही पेनाच्या जागी टेस्टर असतो. (एकदा बँकेत सही करायला त्यांनी तोच काढला होता.) कोणाकडेही गेले की चहा यायच्या आत त्यांनी नजरेनंच त्या घराचं सगळं वायरिंग तपासलेलं असतं. आमच्याकडे ते महिन्यातून एकदा येतात, हातात एक खाकी पिशवी असते, तिच्यात पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, चिकटपट्टी आणि देव जाणे काय काय असतं. महिन्याभराची साठलेली कामं ते दहा मिनिटांत उरकतात. काम मनासारखं झालं की एकच शब्द बोलतात, ‘झालं.’ एकोणीस वर्षांत माझ्या एकाही कामाला त्यांनी हा शब्द वापरलेला नाही.

तसं माझ्याकडून एकदा काम झालं होतं. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात मी दाराची बेल दुरुस्त केली. बेल उत्तम वाजायला लागली. फक्त ती फ्रिजचं दार उघडलं की वाजायची. सासऱ्यांनी येऊन ती पूर्ववत केली, मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “जावईबापू, एकच लक्षात ठेवा. आधी बटण, मग स्टूल. बटण बंद केल्याशिवाय स्टुलावर पाय ठेवायचा नाही. एवढं पाळलंत तर निदान जिवंत राहाल.” बायकोनं त्यात स्वतःची दुरुस्ती सुचवली की स्टुलावर पाय ठेवायचाच नाही, म्हणजे बटणाचाही प्रश्न येणार नाही. दुरुस्ती एकमतानं मंजूर झाली. (मी तेव्हा फ्रिजमागे वाकलेलो होतो, माझं मत कुणी विचारलं नाही.)

तर बल्ब गेला त्याच आठवड्यात सासरे पंधरा दिवसांसाठी राहायला येणार होते. त्यांना नवी कवळी बसवायची होती आणि दातांचा दवाखाना आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर आहे. मागची खोली त्यांचीच. मी म्हटलं, बल्ब आणतो. तर बायको म्हणाली, “कशाला? बाबा येतातच आहेत, आले की लावतील.”

म्हणजे आपल्या घरी पाहुणा येणार, अंधाऱ्या खोलीत शिरणार, पिशवी खाली ठेवायच्या आधी स्टुलावर चढून स्वतःचा बल्ब स्वतः लावणार, आणि घरचा मालक खाली उभा राहून स्टूल धरणार. एकोणीस वर्षं मी स्टूल धरलं. त्या दिवशी मात्र माझं डोकंच फिरलं. मी जाहीर केलं की बाबांच्या खोलीतला दिवा मी लावणार, कुणाचीही मदत न घेता लावणार, आणि साधासुधा नाही, फोनवरून चालणारा लावणार. म्हाताऱ्या माणसाला अंथरुणातून उठून भिंत चाचपडायला नको. आणि तो दिवा बघून बाबांच्या तोंडून ‘झालं’ निघत नाही तोवर मी स्वस्थ बसणार नाही.

“काय दिवे लावणार आहात ते ठाऊक आहे मला,” बायको म्हणाली आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

दुकानात गेलो. तिथे एक मुलगी होती, तिनं मला पहिल्याच वाक्यात काका केलं आणि विचारलं, पिनचा हवा की आट्यांचा? बल्बला खालून दोन प्रकारची बुडं असतात हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. पण अज्ञान दाखवायला मी काही आत्ताच नोकरीला लागलेलो नव्हतो. म्हटलं, दोन्ही दाखवा. मग तिनं विचारलं, पिवळसर उजेड की पांढरा, किती वॅट, रंगीत की साधा. रंगीतमध्ये म्हणे एक कोटी साठ लाख रंग आहेत. आमच्या घरात पडद्याच्या एका रंगावर एकमत व्हायला चार वर्षं लागली होती. तरी मी तोच घेतला, पिनचा एक आणि आट्यांचा एक, कारण साधा बल्ब घेऊन घरी गेलो असतो तर तो साधाच दिसला असता.

पाकिटात माहितीपत्रक होतं. त्यावरची अक्षरं मुंगीनं लिहिल्यासारखी होती, म्हणून मी त्या मुलीलाच विचारलं की थोडक्यात काय करायचं. ती म्हणाली, “सोपं आहे काका. एकदा होल्डरमध्ये बसवला की भिंतीवरच्या बटणाला हात लावायचा नाही. सगळं फोनवरूनच.” मी हे वाक्य तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि पाकिटावर लिहून घेतलं.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी एका कचेरीत आवक-जावक विभागाचा हेडक्लार्क आहे. सत्तावीस वर्षं माझ्या टेबलावर परिपत्रकं येतात. परिपत्रकात काय म्हटलंय ते करायचं, का म्हटलंय ते विचारायचं नाही. दोन परिपत्रकं परस्परविरोधी असतील तर दोन्ही पाळायची. या धोरणामुळे माझ्यावर आजवर एकही ठपका आलेला नाही. आमच्या कचेरीत कुठलं काम पुढे गेलेलं नाही, ती गोष्ट वेगळी.

सासरे शुक्रवारी संध्याकाळी आले. आल्या आल्या त्यांना खोलीतला रिकामा होल्डर दिसला आणि त्यांनी स्टूल मागितलं. मी स्टुलावर बसलो होतो. त्यांनी पुन्हा मागितलं. मी म्हटलं, माझी पाठ दुखतेय, याच्यावर बसलं की बरं वाटतं. जेवणसुद्धा मी त्या स्टुलावर बसून जेवलो. सासऱ्यांनी बायकोकडे पाहिलं, बायकोनं छताकडे पाहिलं. त्या दिवशी ते बाहेरच्या खोलीत झोपले.

शनिवारी चारच्या सुमाराला त्यांची दवाखान्यात वेळ ठरलेली होती. बायको त्यांच्याबरोबर खाली गेली. हिरड्यांचा साचा घ्यायचा होता, तासभर तरी लागणार. दार लागल्याचा आवाज आला आणि मी स्टुलावरून उठलो.

पहिली गोष्ट, मागच्या खोलीतलं भिंतीवरचं बटण बंद केलं. आधी बटण, मग स्टूल. मग स्टूल ठेवलं, चढलो, पिनचा आणि आट्यांचा असे दोन्ही बल्ब आणले होते त्यातला पिनचा बसला. खाली उतरलो. हात झटकले. काय सांगू, एकोणीस वर्षांनी हात झटकले. मग दुसरं परिपत्रक आठवलं, बटणाला हात लावायचा नाही. माझा माझ्यावर विश्वास आहे, पण घरात इतर माणसंही आहेत. म्हणून मी त्या बटणावर चिकटपट्टीच्या दोन आडव्या पट्ट्या लावल्या आणि खाली कागद डकवला : ‘या बटणास कोणीही हात लावू नये. आदेशावरून.’

तुमच्यातले काही जण आत्ताच हसायला लागले असतील. हसा. ज्यानं आयुष्यात दोन वरिष्ठांचे हुकूम एकाच वेळी पाळलेत त्यानंच माझ्यावर दगड उचलावा.

आता फोन. त्या बल्बचं जे ॲप असतं त्यानं आधी माझं नाव विचारलं, मग जन्मतारीख, मग मी कुठे आहे, मग माझ्या फोनमधले फोटो बघू का, माझ्या ओळखीच्या लोकांची यादी बघू का. मुलगी देताना सासऱ्यांनीही एवढी चौकशी केली नव्हती. (केली असती तर बरं झालं असतं, असं ते अधूनमधून म्हणतात.) मी सगळ्याला हो म्हटलं. मग घराला नाव द्या म्हणालं, मी ‘मुख्य कार्यालय’ असं दिलं. खोलीला नाव द्या, ‘बाबांची खोली’. मग पडद्यावर एक गोल गरागरा फिरायला लागला आणि खाली अक्षरं आली की जवळपासचा बल्ब शोधत आहे.

मी श्वास रोखून उभा. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं : एक बल्ब सापडला. जोडायचा का? मी म्हटलं, जोड बाबा. टिंग असा आवाज झाला. जोडला गेला. फोनच्या पडद्यावर एक गुबगुबीत पिवळा बल्ब लख्ख पेटला.

मी वर पाहिलं. वरचा बल्ब ढिम्म.

खिडकीचा पडदा मी मुद्दाम ओढून घेतला होता, त्यामुळे अंधाराबद्दल शंकेला जागाच नव्हती. मी फोनवर उजेड वाढवला, शंभर टक्के केला. काही नाही. बंद केला, चालू केला, पुन्हा बंद, पुन्हा चालू. फोन इमानदारीनं सांगत होता, बंद झाला, चालू झाला. वाटलं पांढऱ्या रंगात काही अडचण असेल, म्हणून लाल दाबला. मग हिरवा. मग निळा. एक कोटी साठ लाखांपैकी चाळीस-एक रंग तरी मी बघितले असतील, म्हणजे फोनवर बघितले. मग खाली वेगवेगळ्या प्रसंगांची यादी दिसली : वाचन, ध्यान, सूर्यास्त, पार्टी. मी पार्टी दाबलं. फोन म्हणाला, पार्टी सुरू आहे. मी अंधाऱ्या खोलीत एकटा उभा होतो. कुठेतरी पार्टी सुरू होती आणि तिथे मला बोलावणं नव्हतं.

एवढ्यात बायकोचा फोन आला. खालून बराच गोंगाट ऐकू येत होता. ती म्हणाली, दवाखान्यातल्या लाईटमध्ये काहीतरी घोटाळा झालाय, बाबा बघताहेत, वर यायला उशीर होईल. मला इतका आनंद झाला की विचारू नका. म्हटलं, होऊ दे सावकाश, काही घाई नाही. आणि जाता जाता सल्लाही दिला, “बाबांना म्हणावं, आधी बटण, मग स्टूल.” तिनं फोन ठेवून दिला.

वेळ वाढवून मिळाला म्हणून मी स्वतःसाठी चहा केला, गॅलरीत बसून शांतपणे प्यायलो. दहा-बारा मिनिटं फोनला हात लावला नाही. मग ताज्या दमानं पुन्हा खोलीत गेलो. मोडेन पण वाकणार नाही, असं त्या बल्बकडे बघून मोठ्यांदा म्हटलं आणि सूर्यास्तापासून सुरुवात केली. असे आणखी दोन चहा झाले. हार मी मानलेली नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. चहापत्ती संपली म्हणून थांबलो.

पावणेसहाला दोघं वर आली. सासरे बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले. त्यांच्या हनुवटीला साच्याचा गुलाबी लगदा वाळून चिकटला होता आणि गळ्यात दवाखान्याचं ते लाळेरं तसंच होतं. बायको मला स्वयंपाकघरात ओढून घेऊन गेली आणि दबक्या आवाजात सगळं सांगायला लागली.

सवाचारला बाबा खुर्चीत आडवे झाले. डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात लगद्याचा साचा बसवला आणि सांगितलं, तीन मिनिटं हलायचं नाही. तेवढ्यात डोक्यावरचा दिवा गेला. लगेच आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. डॉक्टर म्हणाले, नवा बल्ब आहे, गेल्याच आठवड्यात इथल्याच दुकानातून आणून लावलाय. मग दिवा लाल झाला. डॉक्टरांना वाटलं, पेशंटच्या तोंडातून रक्त येतंय. त्यांनी वाकून बघितलं तर बाबा हिरवे. मग निळे. बाबा तोंडात साचा असल्यामुळे हूं हूं करून बटणाकडे बोट दाखवत होते आणि डॉक्टर म्हणत होते, दुखतंय का, अजून एकच मिनिट. मग सगळी खोली नाचायला लागली.

“नाचायला?” मी विचारलं.

“हो ना. लाल, हिरवा, निळा, जांभळा, भराभर. बाहेर बसलेल्या एक बाई दाढ दुखायची थांबली म्हणून घरी निघून गेल्या.”

ती पुढे सांगत होती. बाबा तोंडात साचा घेऊन तसेच उठले, खिशातला टेस्टर काढला, बटण बंद केलं, डॉक्टरांच्या फिरत्या स्टुलावर चढले. होल्डर बघितला, बोर्ड उघडला, सगळं जागच्या जागी. बल्ब काढून बाहेरच्या खोलीत लावून बघितला, तर तिथे तो दहा मिनिटं अगदी शहाण्यासारखा पांढरा जळला. म्हणून परत आणून खुर्चीच्या वर लावला, तर हळूहळू केशरी होत होत मावळला. तीनदा असंच झालं. बाबांनी अख्ख्या दवाखान्याचं वायरिंग तपासलं, पण फॉल्ट सापडला नाही.

मी चहाचे कप मोजले. तीन. सिंकमध्ये ओळीनं ठेवलेले होते. वरची खोली, खालची खोली, मध्ये एक स्लॅब. फोनला जवळपासचा बल्ब सापडला होता तो खालचा. माझा स्वतःचा बल्ब कसा सापडणार, त्याला वीजच मिळत नव्हती, कारण मी बटण बंद करून त्याच्यावर आदेश डकवला होता. (पश्चात्तापाची ती पंधरा मिनिटं इथून सुरू होतात.)

बाहेर आलो तर सासऱ्यांनी मला जवळ बोलावलं. खाकी पिशवी उचलून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.

“जावईबापू, ही आता तुमच्याकडे राहू द्या. चाळीस वर्षांत फॉल्ट सापडला नाही असं कधी झालं नाही माझ्याकडून. वादळात सापडले, पुरात सापडले. आज हातभर खोलीत दीड तास शोधला. लोकांसमोर. हात गेला माझा.”

आणि त्यांनी शर्टाच्या खिशातून टेस्टर काढून टेबलावर ठेवला.

आता बघा. ज्या पिशवीला मला एकोणीस वर्षांत हात लावू दिलेला नव्हता ती आपणहून माझ्या मांडीवर आली होती. मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं तर आमच्या खात्याचं मुख्य काम. बायकोला काही कळलेलं नव्हतं, डॉक्टरांना कळणं शक्य नव्हतं. उद्यापासून घरातला प्रत्येक बल्ब माझा होता. पण त्यांचा तो खिसा मी पहिल्यांदाच रिकामा बघत होतो. कापडाला टेस्टरच्या आकाराचा ठसा उमटलेला होता. मला फार वाईट वाटलं. म्हातारा माणूस एकदम दहा वर्षांनी थकलेला दिसायला लागला होता आणि ते माझ्यामुळे झालं होतं.

म्हणून मी बोललो. मात्र मान खाली घालून नाही बोललो. ताठ बसून, पिशवी मांडीवर तशीच ठेवून म्हटलं, “बाबा, तुमचा हात गेलेला नाही. फॉल्ट खाली नव्हताच. फॉल्ट वर होता. मी होतो.”

त्यांनी हात हलवला. म्हणाले, माझी समजूत घालू नका, जावई म्हणून तुम्ही वाईट नाही आहात, पण एवढं खोटं बोलू नका. मी खोटं बोलतोय असं म्हटल्यावर मात्र मी चिडलो. एक तर माणूस खरं बोलणार, तेही इतक्या महागात, आणि वर कुणी विश्वास ठेवणार नाही. मी फोन काढला, लाल दाबला आणि खिडकी उघडली.

चार-पाच सेकंद गेले. खालून डॉक्टरांचा आवाज आला, “काका, परत लाल झाला हो.”

मी हिरवा केला. खालून आवाज आला, हिरवा झाला. मी बंद केला. खालून नुसतीच खुर्ची पडल्याचा आवाज आला.

सासऱ्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. उलटा करून बघितला, पाठीमागे कुठे वायर निघते का ते बघितलं. विचारलं, मध्ये काहीच नाही? म्हटलं, काहीच नाही. ते म्हणाले, पण मध्ये स्लॅब आहे. म्हटलं, आहे. त्यांनी निळा दाबला आणि खिडकीकडे कान लावला. मग पार्टी दाबलं. खालून डॉक्टरांनी जे म्हटलं ते ऐकून सासरे हसायला लागले. मी त्यांना हसताना कधी पाहिलं नव्हतं. साच्यासाठी जुनी कवळी काढलेली, त्यामुळे तोंडात एकही दात नाही, गळ्यात लाळेरं, आणि खुर्चीचे हात धरून ते गदगदा हसत होते. बायकोही हसली. मी हसलो नाही, कारण यात हसण्यासारखं काय होतं ते मला समजलं नाही.

हसणं ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, “चाळीस वर्षांत न सापडलेला फॉल्ट हा एकच. आणि सापडणार कसा? तो वर बसून चहा पीत होता.” त्यांनी टेस्टर उचलून खिशात घातला. मग माझ्या मांडीवरची पिशवी उचलली. मी ती जरा धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण खांबावर चढलेल्या माणसाच्या हातात अजून चांगलाच जोर आहे.

आम्ही तिघं मागच्या खोलीत गेलो. त्यांनी वर बल्ब बघितला. मग भिंतीवरच्या चिकटपट्ट्या बघितल्या, माझा कागद वाचला, खालची ‘आदेशावरून’ ही अक्षरं वाचली आणि विचारलं, हा आदेश कुणाचा? मी म्हटलं, अर्धा तुमचा, अर्धा दुकानातल्या मुलीचा. मी दोन्ही तंतोतंत पाळले. यात माझं काय चुकलं ते मला आजही कुणी सांगितलेलं नाही, नुसते हसतात.

सासऱ्यांनी पट्ट्या काढल्या आणि बटण दाबलं. बल्ब पेटला. स्वच्छ पांढरा, भरपूर, सगळी खोली उजळून टाकणारा. त्यांनी दोन पावलं मागे जाऊन त्याच्याकडे बघितलं.

“झालं,” ते म्हणाले.

मी म्हटलं, बाबा, बल्ब मी बसवलाय. ते म्हणाले, हो, बसवलात तुम्ही, लावला मी. बायकोनं स्टूल उचलून गॅलरीत नेऊन ठेवलं. गेले दोन महिने तो दिवा भिंतीवरच्या बटणावर चालतोय. फोनवरून चालवायचा नाही, असा घरात ठराव झाला आहे.

पण मी गप्प बसलेलो नाही. कारण खालचा बल्ब अजून माझ्याच फोनवर आहे. तो काढायचा कसा हे डॉक्टरांना माहीत नाही, मलाही नाही, आणि त्या ॲपमध्ये मालक म्हणून माझंच नाव आहे. डॉक्टर आधी फार रागावले होते. पण मग त्यांच्या लक्षात आलं की निळ्या उजेडात पेशंट कमी ओरडतात आणि हिरव्या उजेडात कोणी फार वेळ बसत नाही. आता रोज संध्याकाळी कचेरीतून आलो की सहा ते आठ मी फोन हातात घेऊन मागच्या खोलीत बसतो. खालून काठीनं छताला एक ठोका आला की पांढरा, दोन आले की निळा, तीन आले की हिरवा. कचेरीत मला रजा मिळते, इथे तीही नाही. तरी मी हे काम मानानं करतो. कुणी काहीही म्हणो, माझ्या हाताखाली एक दिवा आहे.

परवा सासरे आणि मी जिन्यातून खाली उतरत होतो. (ते नेहमीच्या दौऱ्यावर आले होते. दोन बल्ब आणि एक पंखा साठला होता.) दवाखान्यातून गाल धरून एक गृहस्थ बाहेर आले, माझ्याकडे बघून थांबले आणि आदरानं म्हणाले, “ते निळ्या उजेडाचं काम तुम्हीच करता ना? डॉक्टर तुमचं फार कौतुक करत होते. माझ्याही घरी असा एक दिवा लावून द्याल का?”

माझी छाती एकदम भरून आली. सासऱ्यांदेखत, जिन्यात, एका शिकल्यासवरल्या माणसानं मला कामाला बोलावलं होतं. मी खिशातून पेन काढलं आणि पत्ता विचारला.

त्यांनी तोंड उघडायच्या आत सासरे पिशवी सावरत म्हणाले, “पत्ता सांगून उपयोग नाही हो. यांच्याकडून दिवा लावून घ्यायचा तर तुम्हाला यांच्या खालच्या मजल्यावर राहायला यावं लागेल.”